पुण्यात समोर बसून गाणं ऐकायचंय: सवाईला कुठे बसू, छोट्या मैफली कुठे शोधू?

लातूरची_सरगम

नमस्कार मंडळी. जूनमध्ये नोकरीसाठी लातूरहून पुण्यात आले, राहायला वाकडला आहे. बाबांमुळे लहानपणापासून आकाशवाणीवर आणि कॅसेटवर शास्त्रीय ऐकत आलेय, पण शिकलेली नाही. यमन आणि भैरवी पटकन ओळखू येतात, बाकी रागांची नावं निवेदकाने सांगितली तरच कळतात.

ऑगस्टात पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून तिकीट काढून एका मोठ्या सभागृहात गेले (नाव नको). जागा मिळाली बाल्कनीत, भिंतीला लागून. तबला इतका चढवलेला की गाणाऱ्या बाईंचे शब्द पोचेनात. मागे दोन तानपुरे वाजताना दिसत होते, पण ऐकू येत नव्हते. पुढच्या रांगेत एकाने पूर्ण वेळ मोबाइल उंच धरलेला, म्हणजे त्याच्या पडद्यातूनच मी गाणं बघितलं. घरी येऊन त्याच बाईंचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, तर तेच जास्त भिडलं. फार वाईट वाटलं हो. बाबा नेहमी म्हणतात की समोर बसून ऐकल्याशिवाय गाणं कळत नाही, आणि त्यांना फोनवर काय सांगावं हेच मला सुचेना.

तर जाणकारांनी सांगा: सवाईला (डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाला) एकटीने जावं का? सगळ्या दिवसांचं सीझन तिकीट घ्यावं की एका दिवसाचं? बसायचं कुठे? आणि माइकच्या गोंगाटाशिवाय गाणं ऐकायला मिळेल अशा छोट्या मैफली पुण्यात कुठे होतात?

पर्वतीकर

एकटीने बिनधास्त जा. मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात असतो, स्वारगेट मेट्रोला उतरून रिक्षा करा. स्वतःची गाडी मात्र नेऊ नका, पार्किंग शोधण्यात पहिला कलाकार जाईल.

सतरंजी

सरगम, तुझा धागा वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. (वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना?)

सवाई रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा तेव्हापासून मी जातेय. १९५३ साली भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ तो सुरू केला. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. पूर्वी गाणं रात्रभर चालायचं. शाली पांघरून, थर्मासमधला चहा वाटून घेत आम्ही पहाटेपर्यंत बसायचो, आणि शेवटी भीमसेनजी गायला बसायचे तोवर समोरच्या झाडांवर उजेड आलेला असायचा. आता लाउडस्पीकरच्या नियमामुळे रात्री १० ला थांबावं लागतं, शनिवारी तेवढी १२ पर्यंत परवानगी मिळते. याचा परिणाम थेट रागांवर झालाय. दुपारी कार्यक्रम सुरू होतो तेव्हा भीमपलासी, मुलतानी कानावर पडतात आणि दिवेलागणीला पूरिया धनाश्री किंवा मारवा. दरबारी, मालकंस हे रात्री उशिराचे राग, ते शांतपणे मांडलेले ऐकायचे तर शनिवारच. एकच दिवस जमणार असेल तर शनिवार धर.

आता बसायचं कुठे. खुर्च्याही असतात आणि भारतीय बैठकही. गुडघे साथ देतात तोवर बैठकीवरच बस. सोबत एक पातळ उशी, शाल आणि पाण्याची बाटली ने. डिसेंबरात आठनंतर मंडपात चांगलंच गार होतं. बैठकीवर शेजारीपाजारी कोण येईल सांगता येत नाही, पण माणसं फार चांगली भेटतात. एका वर्षी माझ्या बाजूला धारवाडहून आलेलं एक वयस्कर जोडपं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नव्हतं. पण गाण्यात एखादी सुंदर जागा (सुरावट) आली की आजी माझ्या मनगटावर बोटं टेकवायच्या. चार दिवस आमचा तेवढाच संवाद झाला.

आणखी एक, हे मात्र मनापासून सांगते. पहिला कलाकार चुकवू नकोस. लोक बड्या नावांसाठी सातनंतर येतात. पण दुपारी साडेतीनला अर्ध्या भरलेल्या मंडपात पहिल्यांदाच सवाईच्या मंचावर बसलेला पंचविशीतला मुलगा आयुष्यभराची तयारी घेऊन आलेला असतो. मला आजवर जे गाणं लक्षात राहिलंय त्यातलं निम्मं तरी त्या वेळेचं आहे. शेवटच्या दिवशीही घाईने उठू नकोस. सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. तो खरखरता आवाज ऐकून मगच मंडप रिकामा होतो.

महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' असतं, म्हणजे कलाकारांवरचे लघुपट आणि मुलाखती. सुट्टी टाकता आली तर तेही बघ.

खर्ज

मी ध्वनिव्यवस्थेचं काम करतो, म्हणून बाल्कनीबद्दल सांगतो. तानपुरा ऐकू न येणं ही आजची सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि ती खरी आहे. वादक आपापल्या मॉनिटरमध्ये (मंचावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) आवाज वाढवून मागतात, मंच गोंगाटाने भरतो, मग गायकाला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही म्हणून त्याचाही आवाज वाढवावा लागतो. या चढाओढीत पहिला बळी तानपुऱ्याचा जातो. भिंतीजवळ आणि बाल्कनीखाली खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, साचतो, म्हणून तिथे तबल्याचा डग्गा घुमतो.

त्यावर साधा उपाय आहे. कुठल्याही सभागृहात किंवा मैदानावर ध्वनिसंयोजकाचं टेबल शोधा आणि त्याच्या जरा पुढे, मधोमध बसा. तो जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुम्हाला ऐकू येतं. बँडच्या कॉन्सर्टलासुद्धा हेच लागू आहे. तिथे सगळे मंचाला चिकटायला धावतात आणि समोरच्या स्पीकर्सच्या मधल्या पोकळीत उभे राहतात. शिवाय कानात घालायचे बोळे न्या, दुसऱ्या दिवशी कान शिट्टी वाजवत नाहीत.

तिरकिट

तबला शिकतोय. तुम्ही तयारीचं विचारलं नाहीये, तरी एक गोष्ट सांगतो, गाणं ऐकण्याची मजा दुप्पट होईल. बडा ख्याल, म्हणजे मैफलीतला सुरुवातीचा संथ, मोठा भाग, बहुतेक वेळा विलंबित एकतालात असतो. बारा मात्रा, पण लय इतकी संथ की किराणा घराण्याच्या गायकाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) पाऊण मिनिटाच्या वर जाऊ शकतं. नव्या श्रोत्याला सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, कुठे येणार ते कळत नाही आणि तो कंटाळतो. तबल्यात 'तिरकिट' आवर्तनात दोनदा येतं, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या. दुसऱ्या तिरकिटनंतर 'धी ना' अशा दोनच मात्रा उरतात आणि सम येते. ते दुसरं तिरकिट पकडा, मग गायक मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) कसा उचलतो आणि समेवर कसा येऊन बसतो ते बघा. मंडपभर माना एकदम का हलतात ते तेव्हा कळतं.

शिवडीकर

मुंबईला येणं झालं तर एनसीपीए या कलाकेंद्राच्या टाटा थिएटरमध्ये एकदा तरी गाणं ऐका. ते सभागृह माइकशिवायही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा अशा हिशेबाने बांधलंय. जागा हजाराच्या आसपास.

सतरंजी

छोट्या मैफलींचं राहिलंच. भारत गायन समाज (१९११ पासून आहे, भास्करबुवा बखल्यांनी स्थापन केलेला) आणि गांधर्व महाविद्यालय इथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेव. गुरुपौर्णिमेला आणि पुण्यतिथ्यांना शिष्यमंडळी गातात, बहुतेक ठिकाणी प्रवेश खुला असतो. घरगुती बैठकाही भरपूर होतात, पण त्यांची जाहिरात येत नाही. एखाद्या कार्यक्रमानंतर आयोजकांना भेटून 'कळवत जा' म्हणून नंबर देऊन ये. पुण्यात गाणं असंच कळतं.

लातूरची_सरगम

सतरंजीताई, अगं-तुगंच म्हणा. मी नंबर देऊन आले, आणि गेल्या रविवारी सकाळी एरंडवण्यात एका घरी बैठकीला गेले. साधारण चाळीस माणसं, माइक नाही. मला तिसऱ्या ओळीत जागा मिळाली. गायिका आधी दहा मिनिटं नुसते तानपुरे लावत होत्या. घोडीवरचा, तारांखालचा दोरा नखाने किंचित सरकवायच्या, कान तुंब्याला लावायच्या, परत सरकवायच्या. मग एका क्षणी दोन्ही तानपुरे असे मिळाले की खोलीत तिसरंच कुणीतरी गातंय असं वाटलं. त्यांनी षड्ज (सा) लावला तो त्यात मिसळून गेला, कधी लागला ते कळलंच नाही. राग तोडी होता. एक तास वीस मिनिटं. तिरकिट, तुमचं दुसरं तिरकिट मला पाचव्या-सहाव्या आवर्तनात सापडलं, आणि समेवर माझीही मान आपोआप हलली.

जिन्यातच उभी राहून बाबांना फोन केला. या वेळी सांगायला इतकं होतं की तेच म्हणाले, अगं, दम खा.

सवाईला ते लातूरहून येणार आहेत. शनिवार-रविवारची दोन-दोन तिकिटं काढते. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते खुर्चीवर, मी बैठकीवर. प्रश्न एकच उरलाय. शनिवारी १२ वाजता सुटल्यावर मेट्रो बंद झालेली असणार. बाबांना घेऊन वाकडला परत कसं जायचं?

पर्वतीकर

माझी बहीण बाणेरला राहते, ते दोघं दरवर्षी शनिवारी शेवटपर्यंत थांबतात. गाडीत दोन जागा आहेत, तुम्हाला वाकडला सोडतील, विचारलंय मी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, बघा.