गोव्यातल्या सत्तरी-सांगेत डोंगराच्या पायथ्याशी राहायला येताना : अनुभव धागा

केरीत राहायला येऊन मला सहा पावसाळे झाले. (इथे हिशेब वर्षांचा नसतो, पावसाळ्यांचा असतो.) चोर्ला घाटातून उतरणारं कुणी ना कुणी चहाला थांबतं आणि विचारतं, "इथं जागा मिळेल का हो?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही आलात तेव्हा कुणी काय सांगायला हवं होतं, ते लिहा. धबधब्यांची वर्णनं नकोत.

नेत्रावळीहून
मी आल्या आल्या तारेचं कुंपण घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर काजूची पाटी घेऊन तारेपाशी उभे. माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता मागे फिरले. पुढे महिनाभर सगळे तसेच. भांडण नाही, तक्रार नाही. दुकानात गेलो की गप्पा थांबायच्या, एवढंच. शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, ती वाट मांडावर जाते. शिगम्यात रोमट तिथूनच येतं." (मांड म्हणजे गावच्या उत्सवाची जागा, रोमट म्हणजे शिगम्यातली, आमच्या होळीच्या सणातली, मिरवणूक.) कागदावर ती वाट कुठेच नव्हती. दोन खांब काढून बांबूचं फाटक बसवलं, कुलूप लावलं नाही. त्या शिगम्याला ढोल-ताशे अंगणात आले. त्यांच्यापुढे काय ठेवायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, तर वहिनींनीच पाठच्या दाराने नारळ आणि तांदूळ आणून दिले. तेच म्हातारे पुढे होते. आता येता-जाता ओसरीवर बसतात आणि माझ्या माडांना नावं ठेवतात.

धारबांदोड्याहून, थोडक्यात
एक-चौदाचा उतारा (आमच्याकडचा सातबारा) स्वतः वाचा. दलालाने मोबाईलवर दाखवलेला फोटो नव्हे. कुळाच्या रकान्यात नाव आहे का? जागेत मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर आहे का? भातशेतीची जमीन असेल तर २०२३ च्या कायद्यामुळे ती शेतकरी नसलेल्याला सहसा विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा. सत्तरीत तर पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या अनेकांच्या नावावरही जमिनी नाहीत. तुम्हाला 'स्वस्तात' मिळतेय ती कुणाच्या तोंडचा घास आहे, ते आधी बघा.

वाळपईजवळून
काजूच्या बागेत हौसेने बोंडू (काजूची फळं) वेचायला जाणाऱ्यांनो, माकडताप ऐकलाय का? सत्तरीत २०१५ साली पाली गावात तो पहिल्यांदा आला. गोचीड चावून होतो, आणि गोचिडांचा जोर नेमका काजूच्या हंगामात. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं तेल. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. संध्याकाळी पोरांचे कान आणि काखा तपासायच्या, ही आमच्याकडे दिवाबत्तीइतकीच रोजची गोष्ट. हुर्राक (बोंडूंच्या रसाची दारू) प्यायला मात्र या, त्याला गोचीड नसते.

पुन्हा सत्तरी, घरून काम करणारा
नेटवर्क: घराच्या उत्तरेकडच्या जांभळाखाली दोन काड्या. जूनमध्ये फांदी पडली की वीज गेली, वीज गेली की पंप बंद, म्हणजे रहाट शिकून घ्या. मी शिकलो, तळहाताला घट्टे पडल्यावर. मे संपायच्या आत छपराचे नळे (कौलं) परतून घ्या, पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरून ठेवा. रात्री दुचाकीने येताना वळणावर गवा उभा असेल तर हॉर्न वाजवू नका, दिवा डोळ्यांवर मारू नका, लांबच थांबा. मी एकदा पाऊण तास थांबलो होतो. बॉसला कारण सांगितलं, त्याला ते अजून खरं वाटत नाही.

धागा काढणारीच, एक राहिलं
घरात म्हातारं माणूस असेल तर गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं इस्पितळ) पार पणजीजवळ बांबोळीला आहे, हे विसरू नका. सासूबाईंना रात्री न्यायची वेळ आली तेव्हा गाडी शेजाऱ्यांनी काढली, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. चवथीला मी त्यांच्याकडे माटोळीला (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या मांडवीला) सामान द्यायचं ठरवलं आणि बाजारातून आणायला निघाले, तर त्यांची सून हसायलाच लागली. मला घेऊन रानात गेली. कवंडळ कुठल्या वेलीला लागतं ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चार तोडली, त्यातली दोन वाटेत फोडली.