कॉलबॅकला मराठीत काय म्हणायचं?

कर्वेरोडची अनु
आमचा गट अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. फाइली कुलूपबंद ठेवतो आणि ऐकताना उघडलेली प्रत डिस्कवर पडू देत नाही. मेमरीतलेच बाइट थेट व्हीएलसी या प्लेअरला द्यायचे. लिबव्हीएलसी ही त्याची लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून वापरता येणारा तयार कोड. तिच्या ३.० आवृत्तीपासून त्यासाठी चार कॉलबॅक देता येतात: उघडणं, वाचणं, जागा बदलणं, बंद करणं. पायथन भाषेतून हे कसं करायचं याची मराठी टिपणं लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडले. 'कॉलबॅक'साठी मी 'परतहाक' लिहिलं होतं. गटातले एक काका म्हणाले, "परत हाक मारणं म्हणजे निघालेल्या माणसाला माघारी बोलावणं." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. इथे कुणी माघारी येत नाही. आपण आपलं फंक्शन, म्हणजे एका कामापुरता कोड, लायब्ररीच्या हवाली करून ठेवतो आणि गरज पडली की ती त्याला हाक मारते. शब्द सुचवा.

नारायणपेठी
प्रत्याह्वान. 'ह्वे' म्हणजे बोलावणे, हा धातू तयार आहे. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला तेव्हाही फारसी शब्द सगळ्यांच्या तोंडी होतेच. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' आज कुणाला जड वाटतात?

शब्दवेडी
नारायणपेठी, 'आह्वान'चं मराठीत 'आव्हान' झालं आणि अर्थ ललकारीचा झाला. 'प्रत्याह्वान' वाचून मुलांना वाटेल, फंक्शन भांडायला उभं राहिलंय. बोलावण्याचा अर्थ आज 'आवाहन'मध्ये आहे, पण तो धातू वेगळा, 'वह्', म्हणजे आणणे. पूजेत देवाला आवाहन करतो आणि शेवटी विसर्जन. तुमचं उघडणं आणि बंद करणं नेमकं तसंच नाही का?

नारायणपेठी
विसर्जनाला हरकत नाही. पण अर्थ घसरला म्हणून धातूच टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

मांजरीकर
अनुताई, वाचायच्या कॉलबॅकचं काम मी पण केलंय. आमच्या घरी दुधाचा रतीब होता, मला ते तसंच दिसतं. पातेलं घरचं, किती हवं तेही घरचं सांगणार, गवळ्यानं फक्त ओतायचं. लायब्ररी आपल्याला रिकामं बफर, म्हणजे मेमरीतली मोकळी जागा, आणि त्याची लांबी देते. आपण तेवढं किंवा त्याहून कमी भरायचं आणि किती भरलं तो आकडा परत द्यायचा. शून्य दिलं की तिच्या लेखी दूध संपलं, उणे एक दिलं तर काहीतरी बिघडलं. पुढचे बाइट यायला उशीर असेल तर तिथंच थांबून राहायचं, चुकूनही शून्य द्यायचं नाही. मी दिलं होतं. गाणं मधेच थांबायचं आणि मी नेटवर्कला दोष देत बसलो. म्हणून म्हणतो, अशा सलग येणाऱ्या बाइटना, म्हणजे स्ट्रीमला, 'प्रवाह' नको, 'धार' म्हणा.

शब्दवेडी
'धार' छान आहे, पण 'मेमरीतली धार' म्हटलं की मला विळी आठवते.

मांजरीकर
विळीची धार आणि दुधाची धार, दोन्ही संस्कृत 'धारा'च. तिथेही दोन्ही अर्थ आहेत. आमच्याकडे "धार काढून येतो" म्हटल्यावर कुणी सुरी शोधत नाही.

कोथरूडचा मास्तर
मी शिकवतो म्हणून स्पष्ट सांगतो, कॉलबॅक हाच शब्द ठेवा. मुलगा अडला की हाच शब्द शोधणार. पगार, चावी, बटाटा पोर्तुगिजांकडून आले, त्यानं मराठी बाटली नाही.

नारायणपेठी
मास्तर, बटाटा आला तेव्हा त्याला मराठीत नाव नव्हतं. हाक मारणं मात्र आपल्याकडे पहिल्यापासून आहे.

कर्वेरोडची अनु
मास्तर, शोधायचा शब्द एकदा देईनच. पण माझे वाचक टिपणं ऐकणार आहेत. कानाला अर्थ लागला पाहिजे.
परवाचाच प्रकार सांगते. माझा प्रोग्रॅम चार-पाच सेकंद वाजायचा आणि एकही चूक न दाखवता बंद पडायचा. दोन संध्याकाळी गेल्या. सीटाइप्सनं (पायथनला सी भाषेतल्या लायब्ररीशी जोडणारी सोय) गुंडाळलेलं कॉलबॅक मी फंक्शनच्या आतच एका नावात ठेवलं होतं. फंक्शन संपलं तसं ते नाव गेलं आणि पायथननं ती वस्तू झाडून टाकली. व्हीएलसीकडे पत्ता होता, पण घर रिकामं. चारही वस्तू प्लेअरच्या ऑब्जेक्टवर धरून ठेवल्या, तेव्हा अख्खा धडा वाजला. हे समजावताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाकेला ओ द्यायला कुणी उरलंच नव्हतं." समोरच्या मुलीला लगेच कळलं. म्हणून 'ओ देणारं फंक्शन' लिहू का?

शब्दवेडी
लिहा! हाक लायब्ररीची, ओ आपला. दोन्ही बाजू आल्या.

नारायणपेठी
ही व्याख्या झाली, संज्ञा नव्हे. अनेकवचन काय करणार?

देवगडची लेक, मुक्काम सहकारनगर
'ओ'वरून आठवलं. आमची आजी सांगायची, तिन्हीसांजेनंतर एका हाकेला ओ द्यायचा नाही. माणूस पुन्हा हाक मारतो, दुसरं कुणी असेल तर एकदाच. देशावरही असं म्हणतात का?

मांजरीकर
म्हणतात की! आमच्याकडे तीन हाका. मळ्यात पाणी धरायला रात्री जायचो तेव्हा चुलते आधी कंदील हलवायचे, मगच ओ द्यायचे.

शब्दवेडी
आमच्या वाड्यातही दोन हाकांचा नियम होता. फक्त 'ओ'ऐवजी 'कोण?' म्हणायचं.

कर्वेरोडची अनु
माझी आजीही 'कोण?' म्हणायची! पण मंडळी, जागा बदलण्याच्या कॉलबॅकचं राहिलंच. 'सरकणं' लिहिलंय. धड्यात मागे जायचं असेल तरी 'सरकणं' चालेल ना?