टाकीचा रंग काढून बसलोय, आता क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) कोणता मारू?

वडिलांच्या आरएक्स १०० बाइकच्या पेट्रोल टाकीला रिमूव्हर लावला. काळ्याखाली लाल थर निघाला, तो घरात कोणालाच आठवत नाही! ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पत्रा चकाकवलाय, तो तसाच उघडा दिसायला हवा. पण घामाचा हात लागला तिथे दुसऱ्या दिवशी बोटांचे तांबूस ठसे. जळगावच्या मे महिन्यात ही गत, तर पावसाळ्यात काय?

स्प्रेच्या डब्यातला साधा लॅकर नको. झाकणापाशी पेट्रोल सांडलं की चिकट होतो, एकदा भोगलंय. हार्डनर मिसळून मारायचा टू-के, म्हणजे दोन भागांचा क्लिअर कोट घेतोय. तो प्रायमरशिवाय पत्र्याला धरेल का, की आणखी खरबरीत ठेवू? आणि या उन्हात मारायचा कधी, पहाटे? भुसावळ-धुळ्याकडे कोणी केलं असेल तर सांगा ना भो.