आईचं तिकीट: दिल्ली की दोहा? आजच ठरवायचंय

नमस्कार मंडळी,
भाडं संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलंय, म्हणून घाईत लिहितेय. नोव्हेंबरच्या मध्याला आई नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला येतेय, एकटी. मागच्या खेपेला परतताना बॅगांपायी तिचे काय हाल झाले ते आठवतंच सगळ्यांना. त्यात दादाने दोहाच्या तिकिटावर ‘पहाटे 4, दुपारी 1, तारीख तीच’ वाचून तिला प्रवास नऊ तासांचा सांगितलाय. ती तेवढ्याच गोळ्या वेगळ्या काढून बसलीय!
– महालची ताई

ताई, नऊ नव्हे, साडेबावीस! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपली इथली अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, मग नागपूर साडेतेरा तास पुढे. ते नऊमध्ये मिळवा. पडताळा घ्या: दोहापर्यंत चार, तिथे अडीच, पुढे सोळा. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घ्या, आणि डबी हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगा.
– धरमपेठवाले काका

प्रवासाचे प्रश्न आधी ज्येष्ठ-प्रवास गटाकडे, असं गणपतीनंतरच्या बैठकीत ठरलं होतं. प्रवासांचा तक्ता आम्ही मेहनतीने ठेवतो. त्यानुसार इथून नागपूर सरळ रेषेत 13,100 कि.मी. दिल्लीवरून जेमतेम शंभर-सव्वाशे जास्त, दोहावरून 15,800. दिल्लीच घ्यावी.
– सचिव

सचिवसाहेब, तक्त्याबद्दल आदर आहे, पण किलोमीटर विमान कापतं, आई नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून 15,300 कि.मी. उडून साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीशी होता. अटलांटिकवरून अंतर 13,900 होतं, तरी वेळ जास्त लागायचा. खरा प्रश्न परतीचा आहे. दिल्लीला उतरलं की कस्टम तिथेच, बॅगा उचलून पुन्हा द्यायच्या. दोहावरून त्या थेट नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मिळतात.
– धरमपेठवाले काका

सोनेगावचं नाव निघालं म्हणून लिहून राहिलो. 1949 पासून रात्रीची विमानटपाल होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. वडील दाखवायला घेऊन गेले होते, ते दिवे अजून डोळ्यांसमोर आहेत. तेव्हा सगळ्यांचं विमान आपल्याकडे बदलायचं, हे सचिवांच्या तक्त्यात लिहाच.
– अजनीचे आजोबा

आजोबा, किती छान! ताई, ताजी संत्री देऊ नका म्हणा, इथे काढून घेतात. संत्रा बर्फी आणली, तर उतरल्यावर अधिकाऱ्यांना सांगायची.
– फ्रीमॉन्टच्या काकू

दोहा पक्कं केलं, दोन्हीकडे व्हीलचेअरसकट. सचिव, तक्त्यात माझी नोंद करा, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. दादाला साडेबावीस कळवलंय, आई पुन्हा गोळ्या मोजतेय. त्याच आठवड्यात दोहावरून कुणाचे आईवडील येत असतील तर मला आज रात्रीच फोन करा, शेजारची जागा मागून बघते.
– महालची ताई