लडाखला जा, पण आधी दिवाळ्याला
कुणीतरी विचारलंय, माहितीपटाला विषय सुचत नाही, लडाखला जाऊ का? जा की, पण आधी नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात एक सकाळ बसा. मी तिथे ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, टिपायला गेले होते (२०२२ पासून खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे). पोचले तर ऐन भरती! चिखल पाण्याखाली, पक्षी गायब. ओहोटीची वेळ बघितली नव्हती, गाढवपणा माझाच. मग जाळं शिवणाऱ्या एका काकांशीच बोलले. मी ‘कट’ म्हटलं आणि जाळ्यातली प्लास्टिकची पिशवी सोडवत ते पुटपुटले, ‘आता हीच आमची मासळी.’ कॅमेरा बंद! तेव्हापासून शेवटच्या प्रश्नानंतरही दोन मिनिटं रेकॉर्डिंग चालूच ठेवते. रोहित पुढच्या रविवारी ऐरोलीला मिळाले.