दिवाळीत लेकरावर ओरडले. स्वतःशी ममतेने वागायचे म्हणजे नेमके काय?

लातूरची आई:
नमस्कार. मी नोकरी करते. मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा आहे. यंदा दिवाळीला औसा तालुक्यातील सासरी गेलो, तेव्हा सोयाबीन अजून घरातच पडून होते, आत्ता विकावे की भाव येईपर्यंत थांबावे यावर रोज वाद होत होते आणि मी मिळालेल्या दोन दिवसांच्या रजेत चिवडा, शंकरपाळे, अनारसे असे सगळे उरकण्याच्या मागे लागले होते. नरकचतुर्दशीला पहाटे मुलगी अभ्यंगस्नानासाठी उठेना, तेव्हा सगळ्या जावा-नणंदांसमोर मी तिला इतके बोलले की तिने दिवसभर फुलबाजीलाही हात लावला नाही. भाऊबीज होऊन आठवडा लोटला, तरी तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. स्वतःला माफ करणे मला चुकीवर पांघरूण घालण्यासारखे वाटते.

समुपदेशक, छत्रपती संभाजीनगर:
ताई, आपली शंका रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वकरुणेची, म्हणजे स्वतःशी ममतेने वागण्याची, तीन अंगे मांडली: स्वतःला झोडपण्याऐवजी आपुलकीने वागवणे, चुकणारे आपण एकटेच नाही हे ओळखणे, आणि मनातील वेदना न दडपता व न फुगवता पाहणे. या तिसऱ्या अंगामुळे पांघरूण घालताच येत नाही, कारण जे घडले ते आधी स्पष्ट बघावे लागते. ‘मी चुकले’ असे म्हणणारी आई लेकराजवळ जाऊन बोलू शकते. ‘मी आई म्हणून नालायक’ असे म्हणणारी बहुधा त्याची नजर चुकवत राहते. म्हणून मुलीला नेमके काय चुकले ते सांगा, आणि त्या वाक्याला ‘पण तूही उठत नव्हतीस’ अशी शेपटी जोडू नका. (ही शेपटी माझ्याही तोंडून निघते.) झोप उडणे, रडू येणे असेच सुरू राहिले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

बीडचा एक बाप:
सरांचे म्हणणे पटते, तरी एक विचारतो. दोन दिवसांत तीन पदार्थ एकटीने करायचे हे ठरवले कोणी? मनाशी कितीही ममतेने बोललात, तरी पुढच्या दिवाळीला कढईपुढे आपण एकट्याच असाल, तर पहाट तशीच उजाडेल. पाऊस लांबून वेचणीला आलेला कापूस भिजला त्या वर्षी पोराने दुकानात नव्या कपड्यांचा हट्ट धरला आणि मी चारचौघांत त्याच्यावर खेकसलो. राग पावसावर होता, निघाला पोरावर. तेव्हापासून घरात किती पैसे आहेत ते वसुबारसेच्या आधीच मुलांना सांगतो आणि चिवडा मी करतो. तो थोडा खारट होतो, पण संपतो.

परभणीची आजी:
बाई, आमच्या काळी आईला असले प्रश्न पडायला उसंतच नव्हती. पडले नाहीत हे काही बरे झाले नाही. थोरल्याला लहानपणी अनारशाचे पीठ सांडल्यावरून मी उलथण्याने मारले होते आणि ते माझ्या मनात तीस वर्षे सलत होते. शेवटी मागच्या दिवाळीत त्याला सांगितले, तर त्याला ते आठवतही नव्हते! त्याला वेगळेच आठवत होते, एकदा त्याला ताप असताना मी जत्रेला गेले ते. तेव्हा लेकराला काय लागले हे आपणच ठरवू नये, त्याला विचारावे.

लातूरची आई:
आजी, काल विचारले. ओरडल्याचे तिला विशेष वाटले नव्हते. आत्याची मुलगी हसली, ते लागले होते. म्हणाली, ‘पुढच्या वेळी मला आधी एकटीला उठव, मग बाकीच्यांना.’ यंदाचे अनारसे शेवटचे, असे सासूबाईंनाही सांगून ठेवले आहे. त्या अजून काही बोललेल्या नाहीत.