मदत हवी आहे: बर्लिनमध्ये जन्मलेल्या मुलीचा भारतीय पासपोर्ट आणि मधलं नाव

आम्ही बर्लिनला असतो, दोघांचेही पासपोर्ट भारतीय. मुलगी इथेच जन्मली, आता साडेआठ महिन्यांची आहे. आम्हाला जर्मनीत पाच वर्षं पूर्ण झालेली नसल्यामुळे तिला जन्माने जर्मन नागरिकत्व मिळत नाही, ते तपासून झालंय. म्हणजे वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्मनोंदणी आणि मग पासपोर्ट.

घोडं अडलंय ते आपल्या मधल्या नावापाशी. इथल्या जन्मदाखल्यावर नुसतं 'ईरा' आणि आडनाव आहे. फॉर्म भरताना रकाना फक्त नावाचा होता, वडिलांचं नाव त्यातच घालायला हवं होतं हे तेव्हा सुचलंच नाही. (आजीला अजून सांगितलेलं नाही!)

इंग्रजीसह बहुभाषी दाखला काढून ठेवलाय, लग्नाचा दाखला आहे, दूतावासाच्या संकेतस्थळावरची कागदपत्रांची यादी वाचली, कालच ईमेलही टाकलाय. पण डिसेंबरात पुण्याला यायची तिकिटं काढलीत, त्यामुळे एकदा चुकीचा अर्ज करून परत पहिल्यापासून सुरुवात करणं परवडणार नाही. 'मधलं नाव सोडून द्या' हा पर्याय शेवटचा.

असं कुणी केलंय का? पासपोर्टवर वडिलांचं नाव यावं म्हणून आधी जर्मन दाखला दुरुस्त करावा लागला, की दूतावासात आईवडिलांच्या प्रतिज्ञापत्रावर भागलं?